चेंडू कुणाच्या हाती?

खेळ पाहायला बसलेला माणूस नुसता पाहत कधीच बसत नाही. बसल्या जागी तो कप्तान होतो, पंच होतो, आणि प्रसंगी विधाताही होतो. आपल्याकडे क्रिकेटचा सामना चालू असला की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, इराण्याच्या हॉटेलात, गावच्या पानपट्टीपाशी एकच तंटा माजतो : आता गोलंदाजी कुणाला द्यायची? ज्याला उभ्या जन्मात चेंडू चार बोटे वळवता आला नाही, असा गृहस्थही त्या क्षणी कसोटी-कप्तानाला शहाणपण शिकवीत असतो. त्यात वाईट काहीच नाही. त्या अधिकारासाठीच तर तो तिकीट काढतो.

हा तंटा केवळ आपल्याच घरचा आहे असे मात्र नाही. सातासमुद्रापलीकडे, न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन नावाच्या भागात, १९४१ पासून १९५७ पर्यंत हाच तंटा ज्या मायेने आणि कधी कधी ज्या निष्ठुरतेने चालला, त्याला तोड सापडणे कठीण. खेळ बेसबॉलचा, संघ ब्रुकलिन डॉजर्स, आणि प्रश्न एकच : चेंडू कुणाच्या हाती द्यावा? या प्रश्नावर ब्रुकलिनच्या माणसांनी जे निकाल दिले, ते काही खेळाडूंना जन्मभर वागवावे लागले. ही त्या निकालांची हकीकत आहे.

ज्यांचा बेसबॉलशी परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे भाग आहे. मैदानात मातीचा एक बुटका उंचवटा असतो. त्यावर उभा राहतो पिचर, म्हणजे त्यांचा गोलंदाज. साठ फूट सहा इंचांवर बॅट उगारून फलंदाज उभा, आणि त्याच्या मागे उकिडवा बसलेला कॅचर बोटांच्या खुणांनी पिचरला सांगत असतो की आता वेगाचा चेंडू टाक, आता वळणारा टाक. चेंडूला टप्पा नाही. जे काही वळायचे ते हवेतच. तीन ‘स्ट्राइक’ झाले की फलंदाज बाद. चार चेंडू वाकडे पडले की त्याला पहिला बेस फुकट. तीन गडी बाद झाले की पाळी संपली. असे दोन्ही बाजूंचे नऊ नऊ डाव.

इथवर आपल्याला सगळे ओळखीचे वाटते. पण एका नियमाने सारा फरक पडतो. आपला गोलंदाज चार षटके टाकून सीमारेषेवर विसावा घेतो, आणि चहापानानंतर पुन्हा ताजातवाना होऊन चेंडू मागतो. बेसबॉलमध्ये ती सोय नाही. जो खेळाडू एकदा सामन्यातून बाहेर काढला, तो त्या दिवसापुरता संपला. त्यामुळे दमू लागलेल्या पिचरला ठेवावे की काढावे, हा निर्णय व्यवस्थापकाला एकदाच घेता येतो आणि परत फिरवता येत नाही. मैदानाच्या कडेला ‘बुलपेन’ नावाच्या जागेत राखीव पिचर हात मोकळे करीत असतात. त्यांतला कोणता बोलवायचा, हा दुसरा निर्णय. शिवाय त्या काळी हंगामात १५४ सामने असत, आणि डावाला सुरुवात करणाऱ्या पिचरला दोन सामन्यांच्या मध्ये निदान तीनचार दिवसांची विश्रांती द्यावी लागे. आज कोण, उद्या कोण, परवा कुणाचा हात दुखतो आहे, असा हिशेब एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत घरोघरी चाले.

ब्रुकलिनमध्ये तो जरा अधिकच चाले, याला कारण होते. १८९८ पर्यंत ब्रुकलिन हे स्वतंत्र शहर होते. त्या वर्षी ते न्यूयॉर्कमध्ये विलीन झाले आणि धाकट्या जावेच्या वाट्याला यावे तसे दुय्यम स्थान त्याच्या वाट्याला आले. मॅनहॅटनमध्ये गगनचुंबी इमारती, बँका, नाटकगृहे. ब्रुकलिनमध्ये कामगार, दुकानदार, कारकून. आयरिश, इटालियन, ज्यू, निग्रो म्हणून हिणवले जाणारे कृष्णवर्णीय, अशी सारी मंडळी तेथे शेजारी शेजारी राहत. त्यांना एकत्र जोडणारी गोष्ट म्हणजे हा संघ. ‘डॉजर्स’ या नावाचा अर्थच मुळी ट्रामगाड्या चुकवणारे. ब्रुकलिनच्या रस्त्यांवर ट्रामगाड्यांचे जाळे इतके दाट होते की त्या चुकवीत चालणे हा तेथील नागरिकांचा नित्याचा व्यायाम होता.

१९१३ साली उघडलेले त्यांचे एबेट्स फील्ड हे मैदान लहानसेच होते. जेमतेम बत्तीस हजार माणसे मावत. पण लहान असल्यामुळेच प्रेक्षक खेळाडूंच्या अगदी अंगाला लागून बसत. खेळाडूला शिवी ऐकू जाई, तशी शाबासकीही. गुणफलकावर एका बिअरच्या कंपनीची मोठी जाहिरात होती. तिच्या नावातले ‘एच’ अक्षर उजळले तर फटका फलंदाजाच्या खाती, आणि ‘ई’ उजळले तर क्षेत्ररक्षकाची चूक! न्यायदान असे दिव्याच्या उजेडात होई. गॅलरीत हौशी वाजंत्र्यांचा एक ताफा असे. प्रतिपक्षाचा फलंदाज बाद होऊन परतू लागला की तो बाकावर टेकताक्षणीच ढोलावर धपकन थाप पडे. १९३९ पासून रेड बार्बर हा निवेदक रेडिओवरून सामन्यांचे वर्णन करू लागला, आणि मग जे मैदानावर जाऊ शकत नसत तेही वादात सामील झाले. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या, प्रत्येक खिडकीत रेडिओ. रस्त्याने चालत जाणाऱ्याचा एकही चेंडू चुकत नसे, असे तेथील जुने लोक सांगत.

या प्रेक्षकांची राणी म्हणजे हिल्डा चेस्टर. स्वस्त बाकांवर बसून ही जाडजूड बाई गाईच्या गळ्यातली घंटा वाजवी आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात खेळाडूंना हुकूम सोडी. तिची एक गोष्ट पीट रायझर या खेळाडूने पुढे सांगून ठेवली आहे. १९४१ च्या सुमारास एका सामन्यात सातव्या डावात रायझर आपल्या जागी जात असता हिल्डाने वरून त्याच्याकडे एक चिठ्ठी टाकली : ही व्यवस्थापक लिओ ड्यूरोशरला दे. पाळी संपल्यावर परतताना रायझरने संघाचे प्रमुख लॅरी मॅकफेल यांना नुसता नमस्कार-चमत्कार केला, आणि मग चिठ्ठी ड्यूरोशरच्या हातात दिली. चिठ्ठीचा मतलब असा की, वायट दमला आहे, केसीला तयार करा. ड्यूरोशरची समजूत झाली की हा मालकांचा हुकूम. व्हिट वायट हा त्या वर्षी बावीस सामने जिंकलेला त्यांचा खंदा पिचर. पण त्याच्या चेंडूवर एक फटका बसताच ड्यूरोशरने त्याला काढले आणि ह्यू केसीला आणले. केसीला प्रतिपक्षाने चांगलेच झोडपले. सामना कसाबसा जिंकला. नंतर ड्यूरोशर रायझरवर कडाडला, मॅकफेलची चिठ्ठी पुन्हा कधी आणशील तर याद राख! रायझर म्हणाला, मॅकफेलची कुठली? ती तर हिल्डाची होती.

जगातल्या तमाम प्रेक्षकांच्या इतिहासात हा एक सुवर्णक्षण मानला पाहिजे. कट्ट्यावरचा सल्ला एकदा का होईना अमलात आला! आणि तो चुकीचा ठरला, हेही विसरून चालणार नाही.

त्याच १९४१ सालच्या ऑक्टोबरात डॉजर्स ‘वर्ल्ड सीरीज’ या अंतिम मालिकेत यांकी संघाशी भिडले. ५ ऑक्टोबरला चौथा सामना. ब्रुकलिन ४–३ ने पुढे, नववा डाव, दोन गडी बाद, चेंडू केसीच्या हाती. फलंदाज टॉमी हेन्रिकने तिसऱ्या स्ट्राइकवर बॅट फिरवली आणि चेंडू हुकला. सामना संपला! पण छे, चेंडू कॅचर मिकी ओवेनलाही हुकून मागे पळाला. अशा वेळी फलंदाजाला पहिल्या बेसकडे धावण्याची मुभा असते. हेन्रिक धावला, वाचला, आणि त्या एका फटीतून यांकींनी चार धावा आत घुसवल्या. ४–३ चा विजय ७–४ चा पराभव झाला. दुसऱ्या दिवशी मालिकाही गेली.

ब्रुकलिनने त्या रात्री ओवेनला दोषी ठरवले. पुढे वर्षानुवर्षे वाद चालला की केसीने टाकलेला तो चेंडू साधा वळणारा होता की थुंकी लावलेला, १९२० पासून बंदी असलेल्या जातीचा. पण खुद्द ड्यूरोशरने उतारवयात वेगळेच सांगितले. चेंडू निसटल्यानंतर केसीचे डोके ठिकाणावर नव्हते. त्या वेळी आपण उंचवट्यापर्यंत चालत जाऊन त्याला दोन शब्द बोलून सावरायला हवे होते, ते आपण केले नाही. साऱ्या गावाने चेंडूकडे पाहिले होते; टाकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहायचे राहून गेले. काळाचा न्याय असा की १९४७ च्या मालिकेत याच केसीने याच हेन्रिकला, तिन्ही बेस भरलेले असताना, एकच चेंडू टाकून असा गुंतवला की एका फटक्यात दोन गडी बाद झाले. ब्रुकलिनने तो सामना जिंकला, आणि तो केसीच्या नावे लागला. मात्र मालिका पुन्हा यांकींची.

१९४१, १९४७, १९४९. हरण्याचीही एक सवय लागते. आपण विसर्जनाच्या वेळी गणपतीला पुढच्या वर्षी लवकर येण्याची विनवणी करतो, तशी ब्रुकलिनची माणसे दर ऑक्टोबरात विजयाला विनवीत : यंदा राहिले, पुढच्या वर्षी पाहू. हे त्यांचे ब्रीदवाक्यच होऊन बसले.

आणि मग उजाडले १९५१ साल. संघ असा बलाढ्य की ११ ऑगस्टला तो शेजारच्या जायंट्स संघापेक्षा साडेतेरा सामन्यांनी पुढे होता. वर्ल्ड सीरीजमध्ये जाणार यात कुणाला शंका उरली नाही. पण जायंट्सनी शेवटच्या ४४ सामन्यांपैकी ३७ जिंकले आणि हंगामाच्या अखेरच्या दिवशी दोन्ही संघ बरोबरीत आले. तीन सामन्यांत निकाल लावायचे ठरले. पहिला जायंट्सनी जिंकला, दुसरा ब्रुकलिनने. तिसरा ३ ऑक्टोबरला, जायंट्सच्या पोलो ग्राउंड्स या मैदानावर.

ब्रुकलिनचा पिचर होता डॉन न्यूकम. पंचवीस वर्षांचा, धिप्पाड, कृष्णवर्णीय. चार दिवसांपूर्वी, शनिवारी, त्याने एक पूर्ण सामना टाकून प्रतिपक्षाला भोपळाही फोडू दिला नव्हता. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, चौदा डाव लांबलेल्या सामन्यात तो पुन्हा मध्येच येऊन पाच डावांहून अधिक वेळ चेंडू टाकत राहिला, म्हणून तर संघ बरोबरीत टिकला. आता बुधवारी तो तिसऱ्यांदा उंचवट्यावर उभा होता. हात आखडल्याची तक्रार त्याने केली तेव्हा जॅकी रॉबिन्सनने त्याला, हात गळून पडेपर्यंत टाकत राहा, असे बजावले, अशी आठवण सांगतात. आठ डाव झाले तेव्हा ब्रुकलिन ४–१ ने पुढे होते.

नवव्या डावात मात्र एक फटका, दुसरा फटका. मग एक गडी बाद. मग आणखी एक जोरदार फटका. ४–२, एकच गडी बाद, दोन धावपटू बेसवर. व्यवस्थापक चक ड्रेसनने बुलपेनला फोन लावला. तेथे राल्फ ब्रँका आणि कार्ल अर्स्किन हात मोकळे करीत होते. फोनवर सहायक क्लाइड स्यूकफोर्थ होता. त्याने सांगितले की अर्स्किनचा वळणारा चेंडू जमिनीवर आपटतो आहे. झाले, ब्रँकाला बोलावणे गेले. पाठीवर १३ हा आकडा मिरवणारा ब्रँका आला. समोर बॉबी थॉमसन. दोनच दिवसांपूर्वी थॉमसनने ब्रँकाच्याच चेंडूवर होमरन मारली होती. पहिला चेंडू स्ट्राइक. दुसरा चेंडू डाव्या बाजूच्या भिंतीवरून प्रेक्षकांत जाऊन पडला. तीन धावा, ५–४, हंगाम संपला.

सामन्यानंतर ब्रँका कपडे बदलण्याच्या खोलीतील पायऱ्यांवर पालथा पडून राहिला. त्या अवस्थेतले त्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. एकविसाव्या वर्षी, १९४७ साली, याच माणसाने एका हंगामात २१ सामने जिंकून दिले होते. ते कुणाला आठवेना. सतरा दिवसांनी त्याचे लग्न होते, तेही कुणाला आठवेना. अर्स्किनला का नाही आणले? ज्याने परवा मार खाल्ला त्यालाच पुन्हा का? न्यूकमलाच का नाही ठेवले? की त्याने आधीच अवसान गाळले? ब्रुकलिनच्या प्रत्येक न्हाव्याच्या दुकानात हा खटला पुढची पन्नास वर्षे चालत राहिला.

पन्नास वर्षे म्हणतो ती अलंकारिक भाषा नव्हे. २००१ च्या जानेवारीत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या पत्रात जोशुआ प्रेगर या पत्रकाराने जुन्या खेळाडूंच्या जबानीसह सिद्ध केले की १९५१ च्या जुलैपासून जायंट्सनी आपल्या मैदानावर एक गुप्त व्यवस्था केली होती. मैदानाच्या पार टोकाला असलेल्या खोलीच्या खिडकीत दुर्बीण लावून त्यांचा माणूस प्रतिपक्षाच्या कॅचरच्या बोटांच्या खुणा वाचत असे. तेथून विजेच्या घंटीने बुलपेनला इशारा, आणि बुलपेनमधून फलंदाजाला खूण : आता वेगाचा येतो आहे, आता वळणारा. त्या शेवटच्या चेंडूची खूण आपण घेतली नव्हती, असे थॉमसन सांगत राहिला. तो खरे बोलत असेलही. पण साडेतेरा सामन्यांची दरी भरून काढण्यात त्या दुर्बिणीचा किती वाटा होता, याचा हिशेब आता कोण देणार?

विशेष म्हणजे ब्रँकाला ही गोष्ट १९५४ च्या सुमारासच एका सहकाऱ्याकडून कळली होती. तो गप्प राहिला. हरलेल्याने कारणे सांगू नयेत, असे त्याचे मत. पुढे त्याची आणि थॉमसनची मैत्री जमली; दोघे जोडीने समारंभांना जात, चाहत्यांना सह्या देत. थॉमसन २०१० मध्ये गेला, ब्रँका २०१६ मध्ये. गावाने ज्याला पन्नास वर्षे गुन्हेगार मानले, त्याच्या हाती निर्दोषत्वाचा पुरावा होता, आणि तो त्याने खिशातून बाहेर काढला नाही.

न्यूकमचा खटला याहून कठीण. त्याच्यावर आरोप होता तो एका चेंडूचा नव्हता, काळजाचा होता. मोठा सामना आला की हा कच खातो, अशी कुजबुज १९४९ पासून सुरू झाली. पुरावा? १९४९ च्या मालिकेत पहिल्या सामन्यात यांकींनी नवव्या डावात एकमेव धाव केली आणि तो १–० ने हरला. १९५० मध्ये हंगामाच्या अखेरच्या दिवशी दहाव्या डावात हरला. आणि १९५१ तर सांगितलेच. म्हणजे नऊ नऊ, दहा दहा डाव ज्याने एकट्याने खिंड लढवली, त्याच्यावर शेवटच्या वाराने पडल्याबद्दल भित्रेपणाचा शिक्का! १९५० च्या सप्टेंबरात एकाच दिवशीच्या दोन सामन्यांत, पहिला पूर्ण आणि दुसऱ्याचे सात डाव, त्याने चेंडू टाकला होता. ते मात्र कुजबुजीत येत नसे.

या कुजबुजीला कातडीच्या रंगाचीही कड होती. जॅकी रॉबिन्सनने १५ एप्रिल १९४७ रोजी वर्णभेदाची भिंत ओलांडून मोठ्या लीगमध्ये पाऊल ठेवले, आणि दोन वर्षांनी न्यूकम आला. कृष्णवर्णीय पिचर त्या वेळी विरळाच. गोऱ्या फलंदाजाच्या अंगावर चेंडू गेला तरी ओरडा, नाही गेला तरी भित्रा म्हणून ओरडा. १९५६ मध्ये त्याने २७ सामने जिंकले, फक्त ७ हरला. त्या वर्षीपासून उत्तम पिचरसाठी सुरू झालेला साय यंग पुरस्कार मिळवणारा तो पहिला मानकरी, आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. पण त्याच वर्षीच्या मालिकेत यांकींनी त्याला झोडपले. दुसऱ्या सामन्यात लवकर काढून घेतल्यावर तो मैदानाबाहेर पडत असता गाड्या लावण्याच्या जागेवरच्या एका नोकराने त्याला तोंडावर भित्रा म्हटले, आणि न्यूकमचा तोल गेला. त्याने हात उगारला. साऱ्या हंगामात २७ विजय मिळवणाऱ्या माणसाला एका शब्दाने तो घाव घातला होता.

न्यूकम पुढे दारूच्या आहारी गेला, त्यातून आपल्या निर्धाराने बाहेर पडला, आणि व्यसनात सापडलेल्या इतर खेळाडूंना सावरण्याचे काम त्याने कित्येक वर्षे केले. १९६८ साली मृत्यूच्या काही आठवडे आधी मार्टिन ल्यूथर किंग आपल्या घरी जेवायला आले होते आणि तुम्हा खेळाडूंमुळे माझे काम किती सोपे झाले, असे म्हणाले, ही आठवण तो सांगत असे. २०१९ मध्ये तो वारला. ज्याला अवसानघातकी म्हटले, तो असा निघाला.

आता १९५५. या वर्षी ब्रुकलिनने पहिले दहाही सामने जिंकून हंगामाचा नारळ फोडला. मालिकेत समोर पुन्हा यांकी. गावात वाद पेटला तो नेहमीचाच : कोण टाकणार? न्यूकमने त्या हंगामात वीस सामने जिंकले होते; तो पहिला सामना हरला आणि मग पुन्हा दिसलाच नाही. कार्ल स्पूनरवर अनेकांची भिस्त होती. १९५४ च्या अखेरीस या पोराने आपल्या पहिल्या दोनच सामन्यांत एकही धाव न देता २७ फलंदाज स्ट्राइकवर बाद केले होते. हा जरा आधी का नाही आला, अशी यमक जुळवलेली म्हण तेव्हा ब्रुकलिनभर झाली होती. पण वसंतात त्याचा हात दुखावला. सहाव्या सामन्यात त्याला चेंडू दिला आणि पहिल्याच डावात यांकींनी पाच धावा केल्या. स्पूनर मोठ्या लीगमध्ये पुन्हा कधीच खेळला नाही. गाव आशेने बोलत होते, तेव्हा आत कुठेतरी हात निकामी होत होता. गॅलरीतून तो कुणाला दिसणार?

सातव्या, निर्णायक सामन्यासाठी व्यवस्थापक वॉल्टर ऑल्स्टनने निवडले जॉनी पॉड्रेसला. वय २३, हंगामातली कामगिरी ९ विजय आणि १० पराभव. तिसरा सामना त्याने जिंकला होता खरा. पण ब्रुकलिनच्या जन्माचा प्रश्न अशा पोराच्या हाती? ४ ऑक्टोबर १९५५. पॉड्रेसने फसवा हळू चेंडू आणि वेगाचा चेंडू यांची अशी मिसळ केली की यांकींना एकही धाव मिळाली नाही. सहाव्या डावात योगी बेराचा उंच फटका डाव्या कोपऱ्यात सँडी अमोरोसने धावत जाऊन टिपला, तेव्हा रेडिओपाशी बसलेल्यांचे श्वास थांबले असतील. २–० ने सामना आणि मालिका ब्रुकलिनची! त्या रात्री ब्रुकलिनच्या रस्त्यांवर दिवाळी होती. भोंगे, घंटा, कागदांचा पाऊस. इतकी वर्षे ज्याची विनवणी केली तो पाहुणा एकदाचा आला होता, आणि त्याला घेऊन आलेले नाव सल्लागारांच्या यादीत फारसे वर नव्हते.

त्याच संघाच्या बाकावर एकोणीस वर्षांचा एक मुलगा बसून होता, ब्रुकलिनमध्येच जन्मलेला : सँडी कौफॅक्स. हातात वीज, पण चेंडू कुठे जाईल याचा नेम नाही. मोठी रक्कम देऊन घेतलेल्या नवख्याला दोन वर्षे संघातच ठेवावे, असा तेव्हा नियम होता; म्हणून तो तेथे. त्या हंगामात तो फक्त दोन सामने जिंकला. या पोराला उगाच का पोसता, असे विचारणारे थोडे नव्हते. हाच कौफॅक्स पुढे त्या युगातला सर्वश्रेष्ठ पिचर ठरला. पण ते पाहणे ब्रुकलिनच्या नशिबी नव्हते. मालक वॉल्टर ओमॅली यांना मोठे, नवे मैदान हवे होते. शहराच्या अधिकाऱ्यांशी त्यांचे जमले नाही, आणि १९५७ च्या हंगामानंतर त्यांनी संघ उचलून लॉस एंजेलिसला नेला. एबेट्स फील्डवरचा अखेरचा सामना २४ सप्टेंबर १९५७ रोजी झाला. डॅनी मॅकडेव्हिट या तरुण पिचरने प्रतिपक्षाला एकही धाव दिली नाही. पाहायला माणसे होती ६,७०२. पाच दिवसांनी परगावी, ब्रुकलिन हे नाव छातीवर असताना संघाचा शेवटचा चेंडू टाकला तो कौफॅक्सने.

कौफॅक्सही १९६६ मध्ये, २७ सामने जिंकलेल्या हंगामानंतर, वयाच्या तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. डाव्या कोपराला संधिवाताने ग्रासले होते. अर्स्किनने तर १९४८ पासून दुखऱ्या खांद्यानेच सारी कारकीर्द काढली. तशा खांद्याने १९५३ च्या मालिकेत एका सामन्यात १४ फलंदाज स्ट्राइकवर बाद करण्याचा त्या वेळचा विक्रम केला. १९७४ मध्ये याच संघाच्या टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातला तुटलेला अस्थिबंध बदलून दुसऱ्या हाताचा स्नायुबंध बसवण्याची शस्त्रक्रिया डॉक्टर फ्रँक जोब यांनी केली, आणि तो १९७६ मध्ये पुन्हा खेळू लागला. आज टाकलेला प्रत्येक चेंडू मोजला जातो आणि शंभराच्या आसपास आकडा गेला की पिचरला काढण्याची तयारी सुरू होते. पाच दिवसांत सुमारे तेवीस डाव टाकणाऱ्या न्यूकमला अवसानघातकी म्हणणे आजच्या प्रेक्षकालाही जड जाईल. कारण हाताला सीमा असते, हे आता त्याला ठाऊक आहे.

मग ब्रुकलिनची ती सारी बडबड फुकट होती काय? तसे मला वाटत नाही. ज्यांच्या भाषा निराळ्या, धर्म निराळे, कातडीचा रंग निराळा, अशी माणसे ‘उद्या कोण टाकणार?’ या एका प्रश्नावर रस्त्यात थांबून एकमेकांशी बोलत होती. संघ गेला तेव्हा मैदानापेक्षाही मोठे नुकसान झाले ते हे, की विचारायला प्रश्नच उरला नाही. १९६० च्या फेब्रुवारीत एबेट्स फील्ड पाडायला सुरुवात झाली. भिंती फोडणाऱ्या लोखंडी गोळ्याला बेसबॉलच्या चेंडूसारखा पांढरा रंग देऊन त्यावर शिवण रंगवली होती. तो चेंडू कुणी टाकावा, याबद्दल ब्रुकलिनच्या माणसांना कुणी विचारले नाही.

तेव्हा यंदाही सामना लागला की घरात, कट्ट्यावर, चकली-चिवड्याच्या ताटाभोवती आपण खुशाल भांडावे. चेंडू कुणाला द्यावा ते कप्तानाला ओरडून सांगावे. तो आपला हक्क आहे. फक्त सामना संपल्यावर, हरलेल्या गोलंदाजाच्या नावाला एखादे विशेषण चिकटवण्यापूर्वी, पायऱ्यांवर पालथा पडलेला ब्रँका एकदा डोळ्यांपुढे आणावा. त्याच्याजवळ काय होते आणि तो काय बोलला नाही, हे कळायला त्याच्या गावाला पन्नास वर्षे लागली.